वॉन्ड्सवर्थची सत्ता ४४ वर्षं का हलली नाही, आणि मग का हलली

इंग्लंडमध्ये मे महिन्याच्या पहिल्या गुरुवारी स्थानिक निवडणुका होतात आणि शुक्रवारी पहाटेपासून टीव्हीवर गावांची नावं धडाधड येऊ लागतात. अमुक कौन्सिल मजूर पक्षाकडे, तमुक हुजूर पक्षाकडे, तिसरीकडे त्रिशंकू. ज्यांची मुलं-भावंडं लंडनला आहेत, अशा मराठी घरांत मग प्रश्न निघतो: हे बरो म्हणजे नक्की काय? आणि कचरा, पार्किंग, वाचनालयं बघणाऱ्या नगरसेवकांच्या निवडणुकीवरून थेट पंतप्रधानांच्या खुर्चीची चर्चा का सुरू होते?

उत्तर शोधायला एकच बरो पुरेसा आहे. ५ मे २०२२ च्या मतदानात वॉन्ड्सवर्थ हुजूर पक्षाच्या हातून गेला, तेव्हा ती देशभरातली मोठी बातमी ठरली. १९७८ पासून तिथे त्यांचीच सत्ता होती. मार्गारेट थॅचर यांची लाडकी कौन्सिल म्हणून तिची ख्याती होती. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं की इथले लोक पिढ्यान्‌पिढ्या हुजूर पक्षाचे. इतिहास उलगडला की चित्र वेगळंच दिसतं. ही सत्ता पक्षनिष्ठेपेक्षा घरोघरी येणाऱ्या एका बिलावर आणि मतं मोजण्याच्या पद्धतीवर उभी होती, असं माझं मत आहे. ते का, ते पुढे सांगतो.

बरो म्हणजे काय?

पूर्वी राजाकडून सनद मिळालेल्या, स्वतःचा कारभार स्वतः बघणाऱ्या गावाला बरो म्हणत. आज लंडनबाहेर हे बहुतेक ठिकाणी मानाचं बिरुद आहे. लंडनमध्ये मात्र त्याला पक्का अर्थ आहे. मुंबईला एक महापालिका आहे. लंडनला ३२ आहेत, शिवाय जुन्या ‘सिटी’ची वेगळी व्यवस्था. या ३२ पैकी प्रत्येक म्हणजे एक बरो. त्यांच्या वर सगळ्या लंडनचा महापौर आणि त्याची यंत्रणा; पोलीस, लाल बस, भुयारी रेल्वे हे विषय तिकडे. बरोकडे उरतं ते रोजचं: कचरा, रस्त्यांची डागडुजी, बांधकाम परवानग्या, पार्किंग, वाचनालयं, कौन्सिलची भाड्याची घरं, म्हाताऱ्या-आजारी माणसांची देखभाल, शाळांचा काही भाग.

वॉन्ड्सवर्थ थेम्सच्या दक्षिणेला आहे. बॅटर्सी, पटनी, टूटिंग, बॅलम, रोहॅम्प्टन हे त्याचे भाग. २०२१ च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे ३ लाख २७ हजार.

आपल्याकडच्या वाचकाने एक फरक आधीच लक्षात ठेवावा. आपल्या महापालिकेत खरी कार्यकारी सत्ता राज्य सरकारने नेमलेल्या आयुक्ताच्या हातात असते. तिकडे आयुक्त नाही. बहुमतवाल्या पक्षाचा नेता हा कौन्सिलचा ‘लीडर’ होतो, आपल्या नगरसेवकांतून छोटं मंत्रिमंडळ करतो, आणि अधिकारी त्यांच्या हाताखाली काम करतात. वॉन्ड्सवर्थमध्ये महापौरही असतो, पण तो गळ्यात साखळी घालून उद्घाटनं करणारा मानाचा महापौर. थेट जनतेने निवडलेला, अधिकार असलेला महापौर लंडनच्या न्यूहॅम, हॅकनी, क्रॉयडनसारख्या मोजक्याच बरोंत आहे. म्हणजे वॉन्ड्सवर्थमध्ये ज्याचं बहुमत, त्याच्या हातात तिजोरी. एका जागेचं असलं तरी.

आधी बॅटर्सी होतं

आजचा वॉन्ड्सवर्थ तसा नवा आहे. १९६३ च्या कायद्याने लंडनचा नकाशा नव्याने आखला गेला, त्यात बॅटर्सी आणि जुन्या वॉन्ड्सवर्थचा मोठा भाग एकत्र आला. यातलं बॅटर्सी डाव्या विचारांचं आणि कामगारांचं. तिथल्या कौन्सिलने १९०३ मध्ये लॅचमिअर वसाहत बांधली, तीही ठेकेदार न लावता, स्वतःचे गवंडी-सुतार कामाला ठेवून.

१९१३ मध्ये याच कौन्सिलने जॉन आर्चर यांना महापौर केलं. वडील बार्बाडोसचे, आई आयरिश, जन्म लिव्हरपूलचा. लंडनच्या एखाद्या बरोने कृष्णवर्णीय माणसाला महापौर करण्याची ही पहिलीच वेळ. मतं पडली ४० विरुद्ध ३९. पुढे आर्चर ज्यांचे निवडणूक प्रतिनिधी झाले, ते आपल्या मुंबईचे शापुरजी सकलातवाला, जमशेटजी टाटांचे भाचे. टाटांच्या कंपनीच्या कामासाठी इंग्लंडला गेलेला हा माणूस तिथे कम्युनिस्ट झाला आणि १९२२ व १९२४ मध्ये उत्तर बॅटर्सीतून खासदार म्हणून निवडून आला. टाटांच्या घरातला माणूस लंडनच्या कामगारांचा प्रतिनिधी! ज्या भागाने हे केलं, तोच भाग पुढे थॅचरबाईंच्या लाडक्या कौन्सिलमध्ये मोडू लागला. म्हणून ‘इथले लोक मुळातच हुजूर पक्षाचे’ हे स्पष्टीकरण मला पटत नाही.

पहिली १४ वर्षं: कधी हे, कधी ते

नव्या बरोची पहिली निवडणूक मे १९६४ मध्ये झाली. मजूर पक्ष जिंकला. १९६८ मध्ये हुजूर पक्ष आला. हॅरॉल्ड विल्सन यांच्या सरकारने आधीच्या नोव्हेंबरात पौंडाचं अवमूल्यन केलं होतं, लोक चिडलेले होते आणि लंडनभर मजूर पक्षाचं पानिपत झालं. १९७१ मध्ये मजूर पक्ष परतला, १९७४ मध्ये टिकला. १९७८ मध्ये हुजूर पक्षाने ३६ विरुद्ध २५ असा विजय मिळवला.

या काळात ‘ऑल्डरमन’ नावाचाही प्रकार होता. आपल्या स्वीकृत नगरसेवकांसारखेच, लोकांनी नव्हे तर नगरसेवकांनी निवडलेले सदस्य. दर सहा नगरसेवकांमागे एक. आपल्याकडे स्वीकृत सदस्याला सभेत मताचा अधिकार नसतो, ऑल्डरमनला होता. त्यामुळे काठावरचं बहुमत आतल्या आत फुगवता यायचं. लंडनच्या बरोंतून ही पद्धत १९७८ मध्ये गेली, आणि तेव्हापासून तिथलं बहुमत हे मतदाराने दिलं तेवढंच.

मतं कशी मोजतात?

हा भाग थोडा किचकट आहे, पण बाकीचं सगळं याच्यावर बेतलेलं आहे, म्हणून सावकाश बघू.

बरोचे वॉर्ड पाडलेले असतात. २०२२ पासून वॉन्ड्सवर्थमध्ये २२ वॉर्ड आणि ५८ नगरसेवक आहेत. काही वॉर्डांत दोन जागा, काहींत तीन. पुणेकरांना बहुसदस्यीय प्रभाग नवा नाही, पण पुण्यात प्रभागातल्या अ, ब, क, ड अशा प्रत्येक जागेची लढत वेगळी असते. तिकडे तसं नाही. तीन जागांच्या वॉर्डात सगळ्या पक्षांचे सगळे उमेदवार एकाच यादीत, आडनावांच्या वर्णक्रमाने. मतदाराला तीन मतं, कुठल्याही तिघांना. ज्या तिघांना सर्वाधिक मतं, ते निवडून आले. आरक्षित जागा नाहीत, अनामत रक्कमही नाही.

आता हिशेब करू. समजा एका वॉर्डात १०,००० लोकांनी मतदान केलं. ४,००० हुजूर पक्षाचे, ३,८०० मजूर पक्षाचे, उरलेले २,२०० इतरांचे. बहुतेक लोक तिन्ही मतं आपल्याच पक्षाच्या तिघांना देतात. म्हणजे हुजूर पक्षाच्या तिघांनाही प्रत्येकी ४,००० आणि मजूर पक्षाच्या तिघांनाही ३,८००. निकाल काय? तिन्ही जागा हुजूर पक्षाला. १०० पैकी ४० मतदार पाठीशी, आणि १०० टक्के जागा पदरात. दोनशे लोकांचं मत फिरलं असतं, तर तिन्हीच्या तिन्ही जागा दुसरीकडे गेल्या असत्या.

असे वीसेक वॉर्ड एकत्र केले की कौन्सिलचं चित्र तयार होतं. २००६ मध्ये हुजूर पक्षाला ६० पैकी ५१ जागा मिळाल्या. मजूर पक्षाला ९. या आकड्यावरून बरोतल्या दर सात माणसांतला एकच मजूर पक्षाचा, असं समजणं साफ चूक ठरेल.

मतदान आजही कागदावर होतं. सकाळी ७ ते रात्री १०, शाळेत किंवा चर्चच्या सभागृहात. बूथमध्ये दोरीला बांधलेली पेन्सिल असते आणि नावासमोर फुली मारायची. मोजणीच्या टेबलावर आधी एकाच पक्षाला तिन्ही फुल्या असलेल्या पत्रिकांचा गठ्ठा वेगळा करतात, कारण तो पटकन मोजून होतो. ज्यांनी दोन इकडे, एक तिकडे असं दिलंय, त्या मिश्र पत्रिका एकेक करून तक्त्यावर नोंदवाव्या लागतात. वर्णक्रमाचाही थोडा परिणाम होतो: एकाच पक्षाच्या तिघांत ज्याचं आडनाव यादीत वर, त्याला सहसा चार मतं जास्त पडतात. काठावरच्या वॉर्डात तेवढी पुरतात.

एका जागेवर टिकलेली सत्ता

१९७८ नंतर ख्रिस्तोफर चोप आणि पुढे मूळचे न्यूझीलंडचे, पेशाने दंतवैद्य असलेले पॉल बेरेसफर्ड यांनी कौन्सिलचा कारभार पार बदलला. कचरा उचलण्यासारखी कामं ठेक्याने दिली. कौन्सिलची घरं भाडेकरूंना आणि इतरांना विकायला काढली. खर्च कमी, कर कमी, हा एकच धोशा. ठेकेदार न लावता वसाहत बांधणाऱ्या बॅटर्सीच्या अगदी उलट टोक.

लोक यावर खूश होते का? अर्धेच. १९८२ मध्ये हुजूर पक्षाच्या जागा ३३ वर आल्या आणि १९८६ मध्ये निकाल लागला ३१ विरुद्ध ३०. एक जागा! एका वॉर्डात मूठभर मतं इकडची तिकडे झाली असती, तर वॉन्ड्सवर्थचं नाव आज कुणाला ठाऊक नसतं. ज्याला नंतर सगळे बालेकिल्ला म्हणू लागले, तो १९८६ मध्ये पडता पडता राहिला होता.

१९९०: बिलाने निवडणूक जिंकली

मग आला पोल टॅक्स. तोवर कौन्सिल घरपट्टी घेत असे, घराच्या भाडेमूल्यावर. थॅचर सरकारने ती रद्द करून इंग्लंडमध्ये एप्रिल १९९० पासून दरडोई कर आणला. आपल्या सोसायटीचं उदाहरण घ्या. मेंटेनन्स आजवर चौरस फुटांवर होता. उद्या सभेने ठरवलं की फ्लॅट केवढाही असो, घरातल्या प्रत्येक प्रौढ माणसामागे सारखीच रक्कम भरायची. चार खोल्यांत एकट्या राहणाऱ्याला फायदा, एका खोलीत पाच जण राहणाऱ्यांचं कंबरडं मोडणार. गरिबांना काही सवलत होती, पण अन्याय डोळ्यांवर येण्याइतका उघड होता. ३१ मार्च १९९० ला लंडनच्या ट्रफाल्गर चौकात मोठी दंगल झाली.

पाचच आठवड्यांत, ३ मे ला, कौन्सिलच्या निवडणुका होत्या. देशभर हुजूर पक्षाची धूळधाण उडाली. वॉन्ड्सवर्थमध्ये मात्र ३१ जागांच्या ४८ झाल्या, आणि मजूर पक्ष ३० वरून १३ वर आला.

कारण बिलाच्या कागदावर छापलेलं होतं. इंग्लंडमध्ये पोल टॅक्स सरासरी माणशी ३६० पौंडांच्या आसपास होता. वॉन्ड्सवर्थमध्ये १४८ पौंड. ज्या कराने इतरत्र पक्षाला बुडवलं, त्यानेच इथे तारलं. दरडोई करात प्रत्येक प्रौढाच्या नावाने वेगळं बिल येतं, त्यामुळे शेजारच्या बरोत राहणाऱ्या मित्रापेक्षा आपलं बिल किती कमी, हे ज्याला त्याला कळत होतं. पुढच्या वर्षी केंद्राने व्हॅट १५ वरून साडेसतरा टक्के करून प्रत्येक बिलात १४० पौंडांची सूट दिली, आणि वॉन्ड्सवर्थचा पोल टॅक्स चक्क शून्य झाला.

पण हे अनुदानाच्या जोरावरच ना?

हा आक्षेप तेव्हाही होता आणि तो दुर्लक्ष करण्यासारखा नाही. कौन्सिलच्या खर्चाचा मोठा वाटा केंद्राच्या अनुदानातून येतो, आणि अनुदानाचं सूत्र वॉन्ड्सवर्थ व वेस्टमिन्स्टरला झुकतं माप देतं, असं विरोधक सांगत. माझ्या मते दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. कौन्सिलने खर्च खरोखर कापला होता, आणि अनुदानाची साथही होती. मतदाराने मात्र सूत्र वाचलं नाही. त्याने बिल वाचलं.

दुसरा आक्षेप आणखी गंभीर: घरं विकून मतदारच बदलले. कौन्सिलची भाड्याची घरं कमी झाली, त्या जागी पैसेवाली कुटुंबं आली, हे खरं. १९८७ मध्ये बॅटर्सीची खासदारकीही हुजूर पक्षाने जिंकली होती. पण यात एक गल्लत टाळायला हवी. नेमक्या काठावरच्या वॉर्डांत घरं विकून मतं मिळवण्याचा डाव बेकायदा ठरला तो नदीपलीकडच्या वेस्टमिन्स्टरचा, शर्ली पोर्टर यांच्या नेतृत्वाखालच्या कौन्सिलचा. त्यावर २००१ मध्ये लॉर्ड्सच्या सर्वोच्च पीठाने निकाल दिला. ते प्रकरण वॉन्ड्सवर्थच्या नावावर खपवू नये.

मग २०२२ मध्ये काय बिनसलं?

एका रात्रीत काही बिनसलं नाही. नंतरची दोन दशकं आकडे हुजूर पक्षाच्या बाजूने होते: १९९४ मध्ये ४५, १९९८ आणि २००२ मध्ये ५०, २००६ मध्ये ५१. या काळात विरोधी बाकांवर बसलेल्या मजूर पक्षाच्या मूठभर नगरसेवकांत १९९४ ते २००६ पर्यंत सादिक खान होते, जे पुढे सगळ्या लंडनचे महापौर झाले. २०१० मध्ये ४७, २०१४ मध्ये ४१. जमीन हळूहळू सरकत होती.

मग २०१६ मध्ये ब्रेक्झिटचं सार्वमत झालं आणि वॉन्ड्सवर्थच्या ७५ टक्के मतदारांनी युरोपात राहायच्या बाजूने मत दिलं. ज्या शहरी, नोकरदार तरुणांना कमी कर आवडत होता, त्यांनाच देशपातळीवरचा हुजूर पक्ष परका वाटू लागला. २०१७ मध्ये बॅटर्सीची खासदारकी मजूर पक्षाकडे गेली. २०१९ मध्ये बोरिस जॉन्सन यांच्या लाटेत मजूर पक्षाने अख्ख्या देशात हुजूर पक्षाकडून एकच मतदारसंघ खेचून घेतला, तो पटनी. टूटिंग आधीपासून त्यांचंच होतं. म्हणजे बरोचे तिन्ही खासदार मजूर पक्षाचे आणि कौन्सिल हुजूर पक्षाची. तेच लोक खासदाराला एक मत देत होते आणि कौन्सिलला दुसरं.

२०१८ चा निकाल या सगळ्याचं मर्म दाखवतो. बरोभरात मजूर पक्षाला हुजूर पक्षापेक्षा किंचित जास्त मतं पडली. जागा? हुजूर पक्ष ३३, मजूर पक्ष २६, अपक्ष १. मजूर पक्षाची मतं त्यांच्या हक्काच्या वॉर्डांत गोळा झाली होती, जिथे हजार मतांनी जिंकलं काय आणि दोन हजारांनी काय, जागा तेवढ्याच. हुजूर पक्षाने पुरेसे वॉर्ड थोड्या थोड्या फरकाने राखले.

२०२२ मध्ये तो थोडा फरकही उरला नाही. कोविड काळातल्या पंतप्रधान निवासातल्या पार्ट्यांचं प्रकरण ताजं होतं, महागाई वाढत होती. मजूर पक्षाने स्थानिक प्रचारात शहाणपण दाखवलं आणि वॉन्ड्सवर्थचा कमी कर कायम ठेवण्याचं वचन दिलं. ज्या भीतीवर १९९० ची निवडणूक जिंकली गेली होती, ती भीतीच काढून घेतली. निकाल: मजूर ३५, हुजूर २२, अपक्ष १.

म्हणजे सगळं दिल्लीच्या, आपलं, लंडनच्या संसदेच्या वाऱ्यावरच?

नाही. त्याच दिवशी, त्याच पार्ट्यांच्या बातम्या वाचून, उत्तर-पश्चिम लंडनच्या हॅरो बरोने मजूर पक्षाची सत्ता घालवून हुजूर पक्षाला ३१ विरुद्ध २४ असं निवडून दिलं. हॅरोत भारतीय वस्ती मोठी आहे, मराठी घरंही आहेत. वारा एकच असता तर दोन बरो उलट दिशांना गेले नसते. देशातला वारा, कराचं बिल आणि वॉर्डांची आखणी या तिन्हींचा हिशेब प्रत्येक बरोत वेगळा बसतो.

पद्धत बदला, असं म्हणणारेही आहेत. स्कॉटलंडने २००७ पासून स्थानिक निवडणुकांत पसंतीक्रमाची पद्धत आणली. आपल्याकडे राज्यसभेसाठी आमदार १, २, ३ अशी पसंती देतात, साधारण त्याच जातीची. तिथे मतं आणि जागा यांचं प्रमाण बरंच जुळतं, आणि एकाच पक्षाचं बहुमत क्वचित येतं. इंग्लंडने ती स्वीकारलेली नाही. मला विचाराल तर २०१८ सारखा निकाल लागल्यावर तरी ती मागणी गांभीर्याने घ्यायला हवी होती.

भारतीय पासपोर्टवर मतदान करता येतं का?

येतं, आणि हे अनेकांना माहीत नसतं. राष्ट्रकुल देशाचा नागरिक, वय १८ पूर्ण, आणि तिथे राहण्याचा वैध परवाना, एवढं असलं की पुरे. नोकरीच्या किंवा शिक्षणाच्या व्हिसावर आलेल्या भारतीयालाही स्थानिक निवडणुकीत मत आहे, आणि संसदेच्या निवडणुकीतही. उमेदवार म्हणून उभं राहायचं असेल तर मात्र कायमस्वरूपी वास्तव्याची परवानगी लागते. मतदार यादीत नाव आपोआप येत नाही. सरकारी संकेतस्थळावर स्वतः नोंदवावं लागतं, मतदानाच्या १२ कामकाजी दिवस आधी. २०२३ पासून केंद्रावर फोटो ओळखपत्र दाखवावं लागतं आणि भारतीय पासपोर्ट त्यासाठी चालतो. वॉर्डात तीन जागा असतील तर तीनपर्यंत फुल्या मारता येतात. एकच मारली तरी मत ग्राह्य धरतात. चौथी मारली की अख्खी पत्रिका बाद.